हिरांचा नकाशा

बेलापूरला, सेक्टर पंधरामध्ये, दुसऱ्या मजल्यावर
मला प्रशांत महासागर बसवायचा होता
अठराशे चौरस फुटांत.
त्यातले दोनशे आगीच्या जिन्याने आधीच घेतलेले.

बजेट आलं तेव्हा समुद्र निम्मा झाला,
तारे बहात्तरावरून बत्तीस.
मी म्हटलं, चालेल.
त्यांच्या क्षितिजावर घरंही बत्तीसच होती
तारा उगवायला आणि बुडायला.

मार्शल बेटांवरचे लोक काड्यांचा नकाशा बांधत:
लाट कुठून येते, बेटाला अडून कशी वाकते,
कवडी म्हणजे बेट.
आणि निघताना तो घरीच ठेवून जात.
हे शेवटचं वाक्य मी फलकावर तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं.
आठ वर्षांच्या पोराला कसं सांगायचं
की पाठ झालेली वाट हातात धरत नाहीत?

काड्यांसाठी दोन खराटे आणले
आणि हीर सोडवत बसले फरशीवर.

होडी बांधायला दिवाळे गावातून हसुराम तांडेल आले.
त्यांना मोटरचा आराखडा दाखवला:
दर चार सेकंदांना एक हेलकावा.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
"येकाच बाजूशी लाट?"
मग म्हणाले, बापूस होरीत उताणा झोपायचा, डोळे मिटून.
बाहेरच्या दर्याची लाट त्याला खांद्याला कळायची,
खाडीतली कमरेला.
माझी वही उघडी होती.
हेच मी वाचलं होतं, पार पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाचं,
तळटिपांसकट.
लिहिलं काहीच नाही.
मोटर रद्द केली. ट्रकच्या चार जुन्या ट्यूब आणल्या.

जेवताना त्यांना सांगितलं,
त्या खलाशांच्या हिशेबात होडी जागची हलत नसे,
ताऱ्यांखाली स्थिर,
बेटंच सरकत मागे जायची.
त्यांनी काचेतून पाहिलं,
पाम बीच रस्त्यापलीकडे, टॉवरांच्या फटीत
पाणी दिसतं तिथे.
"आमचं तसाच झाला.
आमी हाल्लो नाय. खारीच सरकली."
आणि डबा बंद करून रंध्याला लागले.

चाचणीच्या रविवारी सहा कुटुंबं आली.
फलक कुणीही वाचला नाही.
सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न:
इतके दिवस होडीत, मग शी कुठे करायचे?
(आमच्या संशोधनात हे प्रकरणच नव्हतं.)
एका बाबांना सुरू करायचं बटण सापडेना.
सामान निवडायच्या खेळात
अन्वी नावाच्या मुलीने नारळ घेतले, नीरफणसाची रोपं घेतली, कुत्रा घेतला,
आणि वजन जास्त झालं म्हणून भावाला उतरवलं.

मग दिवे घालवले.
बत्तीस तारे, त्यातला एक लुकलुकणारा, वायरिंग सैल म्हणून.
ते बटणवाले बाबा होडीत उताणे झाले,
पोटावर लेक.
एकीकडून हसुराम तांडेल टाचेने ट्यूब दाबत होते,
दुसरीकडून मी,
आणि आमचा ताल काही केल्या जुळत नव्हता.
"बाबा, दोन आहेत," अंधारातून आवाज आला.
"काय दोन?"
"गप ना. मोजू दे."

संध्याकाळी झाडलोट करताना
हिरांच्या नकाशावर एक कवडी कमी निघाली.
गोंद ओला होता, कुणाच्या तरी मुठीत गेली असणार.
रखवालदार म्हणाला, कॅमेऱ्यात बघू का?
नको म्हटलं.
बेट आहे,
सरकलं असेल ऐरोलीकडे.