भावे प्रयोग

स्टोकमध्ये, कोर्टामागच्या खोलीत,
कानांवर हेडफोन, पायाखाली पेडल.
ऐकू येईल ते टाइप करायचं, खोकलासुद्धा.
मत द्यायचं नाही. त्याचे पैसे मिळत नाहीत.

पहिल्या टेपवर काहीच नाही.
आवाज क्रमांक दोन विचारतो, आई कशी आहे, डक?
इथे माया आली की माणसाला बदक म्हणतात.
ओटकेक विकणारी बाई मलाही म्हणते.
ब्रॅडली टनिक्लिफ, वय एकोणीस, म्हणतो, बरी आहे.
भट्टी बंद झाल्यापासून त्याला कुणी
एवढंही विचारलेलं नसावं.
हे माझं मत. खोडते.

तिसऱ्या टेपपासून 'वी' सुरू होतं.
इंग्रजीत एकच शब्द. माझ्याकडे दोन:
आपण, ज्यात समोरचाही असतो,
आणि आम्ही, ज्यात तो नसतो.
पेडल दाबून मागे जाते, पुन्हा ऐकते.
पोराला आपण ऐकू येतंय.
म्हणणारा आम्ही म्हणतोय.

मग ते. ते येतात, ते वाढतात.
आमच्या घरी ते म्हणजे वडील,
ते आले, की पानं घ्यायची.
इथे ते म्हणजे भिंतीत चढणारी ओल.
सातव्या टेपवर शब्द येतो, साफसफाई.
मारणं हा शब्द मी शोधला.
अकरा टेप. एकदाही नाही.

नवव्या टेपवर ब्रॅडली म्हणतो,
पण तिथे इद्रीस असतो.
आजोबा गेले तेव्हा त्यानं माझे केस कापले,
पैसे नाही घेतले.
नियमाप्रमाणे टाइप करते: शांतता, चार सेकंद.
मग हसणं. मग, फार हळवा आहेस तू, डक.
मग पुन्हा वी.
इद्रीसच्या डाव्या हाताचे कागद
दुसऱ्या फाइलीत आहेत.

शेवटच्या टेपवर पोलीस विचारतात, कुणी ठरवलं?
तो म्हणतो, ठरलं.

बर्वेबाईंनी एकदा फळ्यावर लिहिलं होतं:
उजाडलं. सांजावलं. कर्ता शोधा.
अख्खा वर्ग शोधत बसला.
नाहीच रे, म्हणाल्या बाई, खडू झटकत.
ठरलं, म्हणतो ब्रॅडली,
सांजावलं म्हणावं तसं.

पाचला बाहेर पडते.
नेहमीचेच ना, डक? ओटकेकवाली विचारते.
मला उत्तर द्यायला उशीर होतो.
दमलीस, म्हणते ती.
हो, म्हणते मी. सहा दे.