मापांची वही

श्रावणात उजव्या अंगावरून वारं गेलं
आणि चाळीस वर्षांची कात्री
खुंटीवर जाऊन बसली.
फिजिओवाली पोरगी म्हणाली, काका, हा रबरी चेंडू,
दिवसातून शंभर वेळा दाबायचा.
मी सात वेळा दाबला.
दाबून दाबून चेंडूचा चेंडूच राहतो.

गणपती गेले. खारेगावात हिराजीचा कारखाना ओस पडला.
उरलेलं अर्धं पोतं शाडू
त्यानं माझ्या दाराशी आणून टेकवलं :
"मास्तर, ही दाबा. दाबलेलं दिसतं तरी."

आश्विन.
एरवी या दिवसांत ब्लाउजांचा ढीग, रात्री दोनपर्यंत मशीन,
दाराला पाटी : दिवाळीची ऑर्डर बंद.
यंदा पारसिकच्या डोंगरावरून नुसतं ऊन उतरलं
खिडकीतल्या फळीवर.
त्यात माझा पहिला माणूस दोन दिवसांत वाळला
आणि पोटात तडकला.
शालन म्हणाली, फेकू नका, बादलीत घाला.
सकाळी माणूस नव्हता.
तळाशी लोण्यासारखा गाळ, वर निवळलेलं पाणी.
भाजलेल्या मातीला हे जमत नाही.

पण करायचं कुणाला?
देव मला येत नाहीत, त्यांची मापं कधी घेतली नाहीत.
म्हणून वही काढली, मशीनच्या तेलानं कडा काळ्या झालेली.
पान एकोणीस, अनंत भोईर :
कंबर बत्तीस, डावा पाय पाऊण इंच आखूड.
पान चाळीस, केणीबाई :
उजवा खांदा उतरता.
तिथे मी आतून एक घडी जास्त घालायचो
आणि गप्प बसायचो.

डाव्या हातानं केलेली माणसं तिरकी होतात.
वहीतलीही तिरकीच होती,
मीच त्यांना जन्मभर कापडानं सरळ करत आलो.
आता अस्तर नाही, घडी नाही.
भोईर फळीवर लंगडत उभा राहिला,
आणि किती दिवसांनी
मला एकट्याला हसू आलं.

पौषात माती वाळायला पाच दिवस घेते.
ओलं फडकं टाकायचं, काढायचं, पुन्हा टाकायचं.
कंपाउंडातला देशी बदाम लाल होऊन गळत होता,
वॉचमन रोज झाडून रोज वैतागायचा.
त्यातलं एक पान उचललं,
केणीबाईंच्या पदरावर दाबलं :
शिरांच्या निऱ्या पडल्या,
माझ्या शिवणीपेक्षा बारीक.

माघात केणीबाई स्वतःच आल्या,
मशीन विकणार का, विचारायला.
फळीशी थबकल्या.
त्यांचा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला.
"ठाऊक होतं तुम्हाला?"
"पस्तीस वर्षं."
चहा घेतला. मशीनचं पुन्हा बोलल्या नाहीत.
निघताना म्हणाल्या, हिला इथेच राहू दे,
माझ्या घरी सगळे मला समोरून बघतात.

मग फाल्गुन. बदामाला कोंब,
तांबूस, पोपटी, मुठी मिटून आलेले.
माझी करंगळी अजून जरा हलते, जरा नाही.
वही उलटत शेवटापर्यंत गेलो :
सगळं खारेगाव आहे, अर्धं कळवा आहे,
शालनचं पान नाही.
तिचं माप कधी घेतलंच नाही मी.
उरलेल्या कापडातून, अंदाजानं,
गिऱ्हाइकांचं संपल्यावर.

अंदाजानं तिला मातीत केलं. बादलीत.
पुन्हा केलं. बादलीत.
तिसऱ्यांदा टेप काढली, म्हटलं, उभी राहा, उजेडात.
"आता? या वयात? कशाला?"
तरी राहिली. पाठीला पाठमोरी खिडकी,
खिडकीत ते कोंब.
टेपचं एक टोक तिनंच धरलं, माझा उजवा हात धरेना म्हणून.
श्वास रोखू नकोस, मी म्हणालो,
प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणतो तसं,
आणि माझाच रोखलेला होता.

कोरं पान. डाव्या हातानं, पहिलीतल्या पोरासारखं,
लिहिलं : शालन. खांदा :
आकडा लिहिणार तोच
दूध उतू गेल्याचा वास आला,
ती टेप गळ्यात तशीच घेऊन
आत पळाली.