अडतीस सेकंद

जेवणाच्या सुट्टीत तो पाटोच्या आमच्या ऑफिसात आला.
डोदोलचा डबा काउंटरवर सरकवत म्हणाला,
"बायकोच्या फोनची यादी हवी होती,
तीन महिन्यांची. बिल मीच भरतो."
शर्टाला इस्त्री होती. आवाजालाही.

मी म्हटलं, कोर्टाचा कागद आणा,
नाहीतर त्यांनाच पाठवा. नंबर त्यांच्या नावावर आहे.
तो हसला. "आपण दोघंही चोडणचे.
आपल्यात काय लपवायचं?"
मी नुसती बघत राहिले.
डबा परत घेतला त्यानं, झाकण दाबून बसवलं.

इथपर्यंत मी नियमावलीतली बाई आहे.

माझे वडील डिचोलीच्या एक्स्चेंजमध्ये होते.
समोर वायरींचं जाळं, कानाला हेडफोन.
खाणवाल्यांची भांडणं, बार्जचे भाव,
कुवेतहून महिन्यातून एकदा येणारं रडणं,
सगळं त्यांच्या कानावरून जायचं.
घरी येताना ते कान तिथंच खुंटीला टांगून यायचे.
आई विचारायची, काय नवीन?
"लाइन खराब होती."
बावीस वर्षं
डिचोलीची लाइन खराब होती.

आमच्याकडे शब्द येतच नाहीत.
कुठून, कुणाला, किती वाजता, किती वेळ,
कुठल्या टॉवरखालून, एवढंच.
आकडे मुके असतात असं ज्यांना वाटतं
त्यांनी कधी यादी वाचलेली नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी तिचा नंबर टाकला.
काळजी म्हणून, असं तेव्हा वाटलं.

रात्री दोन वाजून सात मिनिटं. अडतीस सेकंद.
परत दोन अकराला. नऊ सेकंद.
मग एकोणीस दिवस काहीच नाही.
मग एका पहाटे सलग चाळीस मिनिटं,
घराच्या नव्हे, धक्क्याजवळच्या टॉवरवरून.
पलीकडचा नंबर मी ओळखला.
तो कुणाचा, ते इथंही लिहिणार नाही.

स्क्रीन मिटली. माझी नोंद मागं राहिली:
सहा वाजून बावीस, कर्मचारी क्रमांक अमुक.
त्याला जे नाकारलं
ते मी स्वतःला देऊन टाकलं होतं,
तेही डोदोलशिवाय.

गुरुवारी रायबंदरच्या फेरीबोटीत ती शेजारी उभी.
पिशवीत बांगडे, मनगटावर ओढलेली बाही.
"महागले गो," म्हणाली.
"हय गो," म्हणत मी खारफुटीकडे बघत राहिले,
जणू तिथं काही मोजायचं होतं.

मध्यावर आल्यावर तिनं विचारलं,
"तुम्हांला कंपनीत सगळं दिसतं म्हणतात, खरं?"

इंजिन धडधडत होतं. पुन्हा विचार म्हणता आलं असतं.
"लाइन खराब असते," मी म्हटलं.

वडिलांच्या तोंडी ते खरं वाटायचं.