भागिले आठ

नौपाड्यात, मिसळीच्या दुकानावर, दुसरा मजला.
मंगळवार-शुक्रवार, साडेसात ते नऊ.
बाकीचे पंचविशीतले, लॅपटॉप मांडीवर;
मी सत्तेचाळीस, दोनशे पानी वही,
समास पट्टीने आखलेला.

लोटलीकर सर पहिल्याच दिवशी म्हणाले,
"ताळेबंद म्हणजे गेल्या मार्चचा फोटो.
आपल्याला हवंय ते अजून घडलेलंच नाही."
बावीस वर्षं मी
नुसते फोटो चिकटवत आले होते.

मग शिकले:
उद्याचा रुपया आजच्यापेक्षा हलका,
परवाचा त्याहून.
किती हलका, ते तुमच्या भीतीवर.
भीती टक्क्यांत लिहायची
आणि शेजारच्या रकान्यात
कारण.

प्रकल्पाला खरी कंपनी घ्या म्हणाले.
मी आमचीच घेतली. टिपणीस स्प्रिंग्ज,
वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
तसंही भाऊ वेगळे होतच होते:
मनोहरदादा घेणार, निरंजन निघणार.
"एक आकडा काढून द्या, बाई.
बाहेरचा माणूस तीन लाख मागतोय."

वाइंडिंग मशीन, सत्त्याऐंशी सालचं.
पुस्तकात किंमत एक रुपया.
तो रुपया मिनिटाला चाळीस स्प्रिंगा टाकतो
पत्र्याच्या डब्यात,
आणि जेवणाच्या सुट्टीत गप्प बसतो,
आमच्यासारखाच.

पुढच्या वर्षी हातात उरणारे चाळीस लाख.
भीती बारा टक्के. वाढ चार.
बारातून चार गेले, उरले आठ.
चाळीस लाख भागिले आठ टक्के:
पाच कोटी.
इतकं सोपं की मी पुन्हा दोनदा केलं.

निरंजन चहा घेऊन आला, स्वतः.
स्क्रीनकडे न बघता म्हणाला,
"चाराचे पाच नाही होणार?"
करून पाहिले.
पाच कोटी एकाहत्तर लाख.
एक कळ दाबली फक्त;
जगात कुणी एक स्प्रिंग जास्त घेतली नव्हती.
परत चार केले.
बोटाच्या मात्र लक्षात राहिलं.

रात्री पोळ्या लाटताना आठवलं:
हे सूत्र कायमचं धरून चालतं,
आणि आपली जागा एमआयडीसीची.
पंच्याण्णव वर्षांचा पट्टा, उरली तेहतीस.
पिठाच्या हातानेच वही उघडली
आणि अनंतातून
त्रेचाळीस लाख वजा केले.
उरले चार सत्तावन्न.

शेवटचं पान लिहायला सगळ्यात वेळ लागला.
"निरंजन कंपनीत नसल्यास: वजा अठरा टक्के."

मनोहरदादांनी चष्मा पुसला, वाचलं,
पुन्हा पुसला.
"म्हणजे आज चार सत्तावन्न."
हो.
"मी त्याचा वाटा घेतला, की तीन पंच्याहत्तर."
हो.
"मग मधले ब्याऐंशी लाख कुणाला मिळतात?"

असा रकाना शिकवलेला नाही.

काचेपलीकडे निरंजन फोनवर होता,
चाकणचा कुणी परचेसवाला.
ऑर्डरचं बोलणं केव्हाच संपलेलं;
त्याच्या आईचा मोतीबिंदू कुठल्या डोळ्याचा,
टाके घालतात की नाही हल्ली,
असं काहीतरी.
दादा बराच वेळ तिकडे बघत राहिले.
मग म्हणाले, "याची आणखी एक प्रत काढा,"
आणि कुणासाठी ते सांगितलं नाही.

व्यवहार अजून झालेला नाही.
मोडलाय असंही कुणी म्हणत नाही.
प्रकल्पाला वीसपैकी सोळा मिळाले.
अठरा टक्क्यांभोवती सरांचं लाल वर्तुळ:
"कशावरून?"
कारणाचा रकाना मी कोरा सोडला होता.
फोन, असं लिहिणार होते.