असा कोणी राहत नाही

रात्री अकरा वाजून सात मिनिटांनी
सातशे एकोणपन्नास रुपये भरून
मी बाबांसाठी पत्ता विकत घेतला:
तळपदेशिक्के डॉट इन.
पावती लगेच आली.
खाली बारीक टायपात होतं,
चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागू शकतात.

बाबा बोरा बाजारात एकेचाळीस वर्षं
लोकांची नावं उलटी कोरतात.
'प्रोप्रायटर', 'रद्द', 'खरी नक्कल'.
रबर शिजायला दहा मिनिटं.
गिऱ्हाईक समोरचा चहा संपवून येतं
तोवर शिक्का कोमट, हातात.
त्यामुळे त्यांना पटेना,
नाव झालं, पैसे गेले,
मग सापडत का नाही?

चूक त्यांचीच होती, थोडी माझीही.
मी पर्समध्ये कार्ड शोधत होते
तेवढ्यात त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर
ते नाव टाकून पाहिलं.
जन्माआधीच हाक मारली.
पलीकडे कुणीतरी वही उघडली असणार,
'असा कोणी राहत नाही' म्हणाला असणार,
आणि आमच्या वॉचमनसारखा
एकदा दिलेलं उत्तर धरून बसला.
पुन्हा विचारलं तर वही उघडायचीही तसदी नाही.

सकाळी वसईहून सुलूआत्याचा फोन:
दिसलं! तुझा फोटो फार काळा आलाय, दादा.
नऊच्या सुमारास शारजाहून मिलिंद: दिसलं.
दुकानाखालच्या झेरॉक्सवाल्या इरफानच्या मोबाइलवर
पिवळ्या पट्टीसकट अख्खं दुकान.
आमच्या गिरगावातल्या दोन खोल्यांत मात्र
पांढरं पान, आणि बाबा
चष्मा पुसून पुन्हा पांढरं पान.

मी सर्व्हर, नोंद, मुदत असं काही सांगू लागले.
त्यांनी ऐकलं नाही. म्हणाले,
मोदी स्ट्रीटवरून इकडे आलो तेव्हा
स्वतःसाठी पहिला शिक्का केला होता,
'पत्ता बदलला आहे'.
तरी वर्षभर टपाल तिकडेच जायचं.
गावकर पोस्टमन होता म्हणून बरं,
तो रजेवर गेला की पुन्हा तिकडेच.

दुसऱ्या दिवशी चारला फोन वाजला.
भायखळ्याची कुणी मिस डिमेलो,
क्लिनिकसाठी गोल शिक्का हवा,
तुमच्या पानावर तिसऱ्या रांगेत आहे तसा.
बाबांनी माझ्याकडे पाहिलं.
तिसऱ्या रांगेत काय आहे
ते आम्हाला अजून दिसत नव्हतं.
हो हो, तसाच, म्हणाले,
आणि बिलाच्या पाठीवर
तिचं नाव लिहून घेतलं, सवयीने,
उलटं.