लादी आणि काप

थर्सोत दगड निघतो तोच थराथरांनी,
म्हणून इशबेल टुलॉकला
खरेदीखतांच्या कचेरीत शब्द शोधावा लागला नाही :
लादी.
सव्वा लाखापर्यंत कर शून्य.
वर एक पौंड गेला
की एक टक्का, आणि तो त्या पौंडावर नव्हे,
दाराच्या कडीपासून धुराड्यापर्यंत
अख्ख्या घरावर.

म्हातारा स्वॉनसन अडून बसला :
"भाव बोललो तो बोललो."
गिऱ्हाईक उठायला लागलं.
तेव्हा तिनेच त्याची जुनी शेगडी
घरातून वजा करून
वेगळ्या कागदावर विकली, दोनशेला.
तळ फुटलेला होता तिचा.

मग कायदा बदलला. नवा शब्द आला : काप.
ज्या थराचा दर त्याच थराला,
खालच्यांना धक्का नाही.
नव्या पोराला समजावताना
इशबेलने डब्यातला पाव कापला,
लोणी फक्त वरच्या कापाला लावलं.

"हे बरंय की," पोरगा म्हणाला, खात खात.
"बरंच आहे."

पलीकडच्या गल्लीत स्वॉनसनच्या घराला
आता निळा रंग.
शेगडी नेायला कुणी आलंच नाही.
ती इशबेलच्या गॅरेजात आहे,
पावती आतच ठेवलेली.