सहाशे सदुसष्ट

कोपरीत, मीठबंदर रोडच्या आतल्या गल्लीत
लुल्लाचं दुकान. एक स्टूल, एक पंखा,
आणि पोट उघडून ठेवलेले सहा-सात संगणक.
मी पिशवीतून आमचा मदरबोर्ड काढते,
उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलेला.

"नवीनच घ्या ना ताई, यात जेवढे घालाल..."
वाक्य अर्धं सोडतो. रोजचंच असावं.
नवीन नको, मी सांगते. हाच हवा.
का, ते सांगत नाही.

जुईलीच्या आईनं यावर पाककृती टाइप केल्या होत्या.
वालाच्या बिरड्याखाली शेवटची ओळ:
जुईलीसाठी तिखट कमी.
मी सगळं पेनड्राइव्हवर काढून दिलं होतं.
पेनड्राइव्ह दुसऱ्या दिवशी
माझ्याच टेबलावर परत.

मूळ कंपनीची मेमरी आता निघत नाही.
निघालीच कुठे, तर खरी असेल याचा भरवसा नाही.
लुल्ला बिस्किटांच्या डब्यातून दुसऱ्या कंपन्यांच्या काढतो.
पहिलीची खाच दोन-तीन मिलिमीटर बाजूला.
"जोर लावून बसत नसतं हे, तुटतं."
दुसरी बसते, पण बोर्ड तिला ओळखत नाही,
ओरडत राहतो,
दारात परकं माणूस आल्यासारखा.

तिसरीवरचं नाव घासून गेलेलं.
पडदा काळा.
काळाच.
मग कोपऱ्यात पांढरे आकडे चढू लागतात.

"चालेल ही," लुल्ला म्हणतो, "पण आधीच सांगतो.
ही आठशेची, तुमची जुनी सहाशे सदुसष्टची.
शेजारी बसली की नवीसुद्धा
सहाशे सदुसष्टनंच चालणार.
जुनी काढून दोन्ही आठशेच्या टाकू?"

"नको."
जरा जोरातच म्हटलं असावं.
पायरीवरचं मांजर उठून गेलं.

साडेचारशे रुपये. वॉरंटी सात दिवस, तोंडी.

रात्री जुईली स्क्रू पिळते, मी टॉर्च धरते.
चार वर्षांत एवढ्या जवळ
क्वचितच बसलो असू.
"कुठल्या कंपनीची?"
"माहीत नाही गं."
ती बोटानं खटका दाबून बघते, दोन्हीकडून.
"बसलीय पण," म्हणते.

यंत्र घरघरतं, सावकाश, आपल्या चालीनं.
ती फाइल शोधते.
मी टॉर्च बंद करायचा विसरते.